रंग एतिहादचा, परवाना डार्विनचा

जानेवारी २०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील डार्विन एअरलाइन या छोट्या कंपनीच्या विमानांवर ‘एतिहाद रीजनल’ हे नाव झळकू लागले. अबूधाबीच्या एतिहाद एअरवेजने या कंपनीतील एक तृतीयांश, म्हणजे ३३.३ टक्के, हिस्सा घेण्याचे नोव्हेंबर २०१३ मध्ये दुबईच्या हवाई प्रदर्शनात जाहीर केले होते आणि त्यापाठोपाठ रंगरंगोटी झाली. २०१७ च्या उन्हाळ्यात एतिहादने तो हिस्सा विकला, नाव उतरले आणि ते वर्ष संपण्यापूर्वी डार्विनचे दिवाळे वाजले. जेमतेम साडेतीन वर्षे टिकलेल्या या ब्रँडकडे लक्ष द्यावे असे त्यात काय आहे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, मोठ्या विमान कंपन्या छोट्या कंपन्यांना आपले नाव उसने देतात तेव्हा कागदावर नेमके काय घडते आणि नफा-तोट्याची विभागणी कशी होते, हे इतक्या लख्खपणे दाखवणारी उदाहरणे फार थोडी आहेत. शिवाय ज्या महिन्यात हा व्यवहार जाहीर झाला, त्याच महिन्यात एतिहादचा मुंबईच्या जेट एअरवेजशी झालेला व्यवहारही पूर्ण झाला होता, आणि दोन्ही ठिकाणी सरकारी यंत्रणांनी विचारलेला प्रश्न जवळजवळ एकच होता.

आधी डार्विनविषयी. स्वित्झर्लंडच्या दक्षिण टोकाला, इटालियन भाषा बोलल्या जाणाऱ्या तिचिनो प्रांतात लुगानो हे शहर आहे. बँकांच्या व्यवसायात झुरिक आणि जिनिव्हा यांच्यानंतर त्याचे नाव घेतले जाते, परंतु या दोन्ही शहरांपासून ते आल्प्स पर्वतामुळे तुटलेले होते. जवळच्या आन्यो गावातला विमानतळ डोंगरांच्या कुशीत आहे, त्याची धावपट्टी सुमारे १,४०० मीटर लांबीची आहे आणि तिथे उतरताना विमानाला नेहमीच्या तीन अंशांच्या दुपटीहून अधिक तीव्र उताराने खाली यावे लागते. साहजिकच तिथे एअरबस किंवा बोइंगची नेहमीची विमाने चालत नाहीत; पंख्यांची छोटी विमाने लागतात, आणि अशा उताराचे खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक लागतात.

ही सेवा पूर्वी क्रॉसएअर ही कंपनी देत असे. २ ऑक्टोबर २००१ रोजी स्विसएअर ही देशाची अभिमानाची कंपनी पैशांअभावी जमिनीवर खिळली, तिच्या पडझडीनंतर क्रॉसएअरच्या पायावर ‘स्विस’ ही नवी कंपनी उभी राहिली आणि तिने खर्च आवरण्यासाठी लुगानोसारख्या लहान ठिकाणांवर कात्री चालवली. ती पोकळी भरून काढण्यासाठी २००३ मध्ये डार्विनची स्थापना झाली आणि २००४ मध्ये तिची उड्डाणे सुरू झाली. तिचे मुख्य वाहन म्हणजे ‘साब २०००’ हे पन्नास आसनांचे स्वीडिश विमान. ते पंख्यांचे असूनही जेटच्या जवळपास वेगाने जाते, पण जगात अशी केवळ ६३ विमाने तयार झाली आणि १९९९ मध्ये उत्पादन थांबले. म्हणजे डार्विनचे विमान तिच्या विमानतळाला शोभणारे होते. फक्त त्याच्या देखभालीचा आणि सुट्या भागांचा प्रश्न वर्षागणिक कठीण होत जाणार होता.

आता एतिहादला या कंपनीत रस का वाटावा? त्यासाठी हवाई वाहतुकीचा एक मूलभूत नियम समजून घ्यावा लागतो. कोणत्याही देशाची विमान कंपनी दुसऱ्या देशात वाटेल तशी उडू शकत नाही. दोन देशांमध्ये करार होतो आणि त्यात कोणत्या शहरांदरम्यान, आठवड्यातून किती फेऱ्या करायच्या हे ठरते. एतिहादला अबूधाबीहून जिनिव्हाला प्रवासी नेण्याचा हक्क होता, पण जिनिव्हाहून लुगानोला किंवा झुरिकहून जर्मनीतल्या एखाद्या मध्यम शहराला स्वतःचे विमान चालवून तिथल्या तिथे प्रवासी वाहण्याचा हक्क तिला नव्हता. असा हक्क देश सहसा आपल्याच कंपन्यांसाठी राखून ठेवतात.

उलट, लांब पल्ल्याचे मोठे विमान भरायचे तर केवळ जिनिव्हा शहरातले प्रवासी पुरत नाहीत. आसपासच्या वीस-पंचवीस शहरांतून थोडे थोडे प्रवासी त्या विमानापर्यंत आणून सोडणारी छोटी विमाने हवीत. लुफ्तान्सा किंवा एअर फ्रान्सकडे असे जाळे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. एतिहाद मात्र २००३ मध्ये जन्मलेली, एमिरेट्स आणि कतार एअरवेज यांच्या मागून शर्यतीत उतरलेली कंपनी होती. तिचे तेव्हाचे प्रमुख जेम्स होगन यांनी ठरवले की, जे जाळे स्वतः विणता येत नाही ते भागभांडवलाच्या रूपाने विकत घ्यायचे. एअर बर्लिनमध्ये सुमारे २९ टक्के, एअर सेशेल्समध्ये ४० टक्के, एअर सर्बियामध्ये ४९ टक्के, जेट एअरवेजमध्ये २४ टक्के आणि पुढे इटलीच्या अलितालियामध्ये ४९ टक्के असे हिस्से तिने एकामागून एक घेतले. यांतल्या बऱ्याच कंपन्या आधीपासूनच आर्थिक अडचणीत होत्या. धडधाकट कंपनी आपला हिस्सा सहजासहजी विकत नाही, हे ओघानेच आले. या रांगेत डार्विन सर्वांत लहान होती, मात्र एतिहादचे नाव थेट अंगावर मिरवणारीही तीच होती.

भागीदारीचे प्रकार पुष्कळ असतात आणि ते एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे प्रवाशाचा गोंधळ होतो. सर्वांत सैल प्रकार म्हणजे कोडशेअर: विमान एका कंपनीचे, पण त्याच फेरीला दुसरी कंपनी आपलाही क्रमांक लावते आणि तिकीट विकते. डार्विनच्या फेऱ्यांना तिचा स्वतःचा ‘एफ ७’ हा संकेत होताच. त्यावर एतिहादचा ‘ईवाय’ हा संकेत चढवला की मुंबईत बसलेल्या प्रवाशाला मुंबई ते लुगानो असे सलग तिकीट काढता येते, सामान शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते आणि मधली जोडफेरी चुकली तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कोणाची हे ठरलेले असते. त्याहून घट्ट प्रकार म्हणजे फ्रँचायझी: छोटी कंपनी मोठीचे नाव, रंग आणि सेवेचे निकष वापरते, पण विमाने, कर्मचारी आणि तोटा तिचा स्वतःचाच राहतो. तिसरा प्रकार म्हणजे वेट लीज. त्यात छोटी कंपनी विमान, वैमानिक, कर्मचारी, देखभाल आणि विमा हे सगळे पुरवते आणि ताशी ठरलेले भाडे घेते; इंधन आणि विमानतळाचे शुल्क भरणे, तिकिटे विकणे आणि विमान रिकामे गेले तर नुकसान सोसणे हे भाड्याने घेणाऱ्याच्या माथी असते.

एतिहाद रीजनल हा मुख्यतः दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा होता, आणि मला वाटते की सारी गोम इथेच होती. विमानाच्या अंगावर मोठ्या अक्षरांत एतिहादचे नाव होते, तर ‘डार्विन एअरलाइनतर्फे संचालित’ अशा अर्थाची ओळ लहान अक्षरांत होती. कायद्याच्या दृष्टीने मात्र खरी ओळ तीच. उड्डाणाचा परवाना डार्विनचा, सुरक्षिततेची जबाबदारी डार्विनची, आणि विमान रद्द झाले किंवा फार उशिरा सुटले तर युरोपीय नियमांनुसार, जे स्वित्झर्लंडमध्येही लागू आहेत, प्रवाशाला भरपाई देण्याचे दायित्व प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या कंपनीचे, म्हणजे पुन्हा डार्विनचेच. दुकानाची पाटी बदलली म्हणून उधारीची वही बदलत नाही, तसा हा प्रकार होता.

मग एतिहादने डार्विन सरळ पूर्णपणे विकत का घेतली नाही? कारण घेता येत नव्हती. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे विमान कंपनीला परवाना हवा असेल तर तिची निम्म्याहून अधिक मालकी सदस्य देशांकडे किंवा त्यांच्या नागरिकांकडे असावी लागते आणि तिच्यावरचे प्रत्यक्ष नियंत्रणही त्यांच्याच हाती असावे लागते. स्वित्झर्लंड संघाचा सदस्य नाही, पण हवाई वाहतुकीपुरता त्याने संघाशी करार केलेला असल्याने तिथेही हाच मापदंड चालतो. या दोन अटींपैकी पहिली अट टक्केवारीची आहे, ती कागद पाहून तपासता येते. दुसरी अट अवघड आहे. एखाद्याकडे तेहतीसच टक्के भाग असले, पण कंपनी कोणत्या मार्गांवर उडणार, कोणाचे नाव लावणार, प्रमुखपदी कोण बसणार आणि पैसे कोठून येणार हे सारे तोच ठरवत असेल, तर मालक कोण म्हणायचा?

स्वित्झर्लंडच्या संघीय नागरी विमान वाहतूक कार्यालयाने नेमके हेच विचारले. चौकशी लांबली, भागीदारीच्या करारांत बदल करावे लागले आणि एतिहादच्या गुंतवणुकीला हिरवा कंदील मिळेपर्यंत २०१५ चा वसंत उजाडला. म्हणजे ब्रँड आकाशात उडत होता आणि त्याच्या मुळाशी असलेला व्यवहार वर्षभराहून अधिक काळ टांगणीला लागलेला होता. अशा अवस्थेत छोट्या कंपनीचे दुहेरी नुकसान होते. मोठ्या भागीदाराच्या योजनेनुसार ती माणसे घेते, विमाने आणते, मार्ग जाहीर करते. पण त्या योजनेचा पूर्ण फायदा ज्यावर अवलंबून असतो त्या मंजुऱ्या अजून हातात आलेल्या नसतात.

भारतात हेच थोड्या वेगळ्या पद्धतीने घडले. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी विमान कंपन्यांना भारतीय विमान कंपन्यांत ४९ टक्क्यांपर्यंत गुंतवणुकीची मुभा दिली आणि एप्रिल २०१३ मध्ये जेट एअरवेजमधला २४ टक्के हिस्सा सुमारे २,०५८ कोटी रुपयांना घेण्याचे एतिहादने जाहीर केले. टक्केवारी मर्यादेच्या कितीतरी आत होती, संस्थापक नरेश गोयल यांच्याकडे ५१ टक्के राहणार होते, तरीही सेबी, विदेशी गुंतवणूक प्रोत्साहन मंडळ आणि भारतीय स्पर्धा आयोग यांनी करारातली कलमे बारकाईने तपासली, कारण भारतीय नियमांतही ‘भरीव मालकी आणि प्रत्यक्ष नियंत्रण’ भारतीयांकडेच असले पाहिजे अशी अट आहे. करार दुरुस्त झाला आणि संचालक मंडळावरच्या एतिहादच्या जागाही कमी झाल्या. त्याच सुमारास भारत आणि अबूधाबी यांच्यातील करारात आठवड्याला मिळणाऱ्या आसनांची मर्यादा तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ५०,००० पर्यंत वाढवण्याचे ठरले. एतिहादची आकडेमोड त्यावरून स्पष्ट होते: एका बाजूने जेटने मुंबईसह भारतीय शहरांतून अबूधाबीला प्रवासी आणायचे, दुसऱ्या बाजूने एअर बर्लिन, अलितालिया आणि डार्विन यांनी ते युरोपात वाटायचे.

कागदावर हे चित्र देखणे होते. पण जोडप्रवासातल्या छोट्या टप्प्याचे अर्थकारण पाहिले की डार्विनची अडचण लक्षात येते. अबूधाबी ते लुगानो या सलग तिकिटाचे पैसे दोन्ही टप्प्यांवर वाटले जातात. जिनिव्हा-अबूधाबी हे अंतर सुमारे ४,९०० किलोमीटर, तर जिनिव्हा-लुगानो सुमारे २२० किलोमीटर. केवळ अंतराच्या हिशेबाने वाटणी केली तर छोट्या टप्प्याच्या वाट्याला पाच टक्केही येत नाहीत. म्हणून कंपन्या आपापसांत लहान टप्प्याला झुकते माप देणारे सूत्र ठरवतात. तरीही विमानाचे उतरण्याचे शुल्क, दोन वैमानिकांचे पगार आणि प्रत्येक उड्डाणाआधीची तपासणी हे खर्च अंतर कमी आहे म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाहीत आणि ते पन्नासच आसनांवर वाटायचे असतात. दीडशे-पावणेदोनशे आसनांच्या विमानाला दहा जागा रिकाम्या गेल्या तर फारसे बिघडत नाही. पन्नास आसनांच्या विमानाला त्याच दहा जागा नफ्याकडून तोट्याकडे ढकलतात.

त्यामुळे अशा कंपनीला जोडप्रवाशांसोबत स्थानिक प्रवासीही मुबलक लागतात. डार्विनने २०१४ मध्ये झपाट्याने नवे मार्ग उघडले, त्यांतले कित्येक झुरिक आणि जिनिव्हा येथून होते. परंतु झुरिक हे स्विस कंपनीचे घर, आणि स्विस ही लुफ्तान्सा समूहातली कंपनी. लुफ्तान्सा आखाती कंपन्यांच्या विस्ताराला कडाडून विरोध करत होती. ज्या मार्गावर पन्नास आसनांचे विमान कसेबसे भरते, तिथे तगडा प्रतिस्पर्धी फेऱ्या वाढवून किंवा भाडे उतरवून उभा राहिला तर छोट्याने किती दिवस तग धरायचा? डार्विनच्या व्यवस्थापनाने प्रतिस्पर्ध्यांच्या वागणुकीकडे आणि मंजुऱ्यांना झालेल्या विलंबाकडे जाहीरपणे बोट दाखवले. त्यात तथ्य असेलही, पण प्रवाशांची पुरेशी मागणी नसलेले काही मार्ग केवळ जाळे दाट दिसावे म्हणून उघडले गेले असावेत, असा माझा ग्रह आहे. वर्षभरातच त्यांतले बरेच मार्ग बंद करण्यात आले.

इथून पुढे कंपनीचे स्वरूपच बदलले. स्वतःची तिकिटे विकून तोटा सोसण्यापेक्षा आपली विमाने आणि वैमानिक भाड्याने द्यावेत, म्हणजे वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकाराकडे वळावे, असे ठरले. भाडेकरू घरातलेच होते: एअर बर्लिन आणि अलितालिया. ताशी भाडे ठरलेले असल्याने हा धंदा सुरक्षित वाटतो, आणि भाडेकरू भक्कम असेल तर तो खरोखरच सुरक्षित असतो. इथे मात्र दोन्ही भाडेकरू वर्षानुवर्षे तोट्यात होते आणि दोघांचाही आधारस्तंभ एकच, एतिहाद. डार्विनची भागीदार एतिहाद, तिचे नाव एतिहादचे, तिचे मोठे ग्राहक एतिहादच्या पैशांवर उभे. विविध ठिकाणी विखुरलेला दिसणारा धोका प्रत्यक्षात एकाच खुंटीला बांधलेला होता.

ती खुंटी २०१७ मध्ये निखळली. २ मे रोजी अलितालिया प्रशासकांच्या ताब्यात गेली. १५ ऑगस्टला एअर बर्लिनने दिवाळखोरीचा अर्ज केला, कारण एतिहादने आणखी पैसे देण्यास नकार दिला. या दोन तारखांच्या मधे, जुलैमध्ये, एतिहादने २०१६ सालचा तोटा १.८७ अब्ज डॉलर असल्याचे जाहीर केले आणि त्यातले सुमारे ८०.८ कोटी डॉलर प्रामुख्याने अलितालिया आणि एअर बर्लिन यांच्यात अडकलेल्या पैशांपोटी निर्लेखित केले. होगन त्याच वर्षी पायउतार झाले. डार्विनमधला हिस्सा त्याच उन्हाळ्यात विकला गेला. घेणारी ४के इन्व्हेस्ट ही गुंतवणूक संस्था स्लोव्हेनियाच्या आद्रिया एअरवेजचीही मालक होती. त्यामुळे डार्विनला ‘आद्रिया एअरवेज स्वित्झर्लंड’ असे तिसरे नाव मिळाले.

अल्पांश भागीदार असण्याचा अर्थ इथे उघड होतो. एतिहादला कायद्याने नियंत्रण घेऊ दिलेले नव्हते, त्यामुळे डार्विनचे कर्ज फेडण्याची किंवा तिला सावरण्याची कायदेशीर बांधिलकीही तिच्यावर नव्हती. हिस्सा विकला, नाव काढून घेतले, संबंध संपला. मागे उरली ती मोठ्या योजनेच्या मापाने वाढवलेली, पण ती योजना नाहीशी झालेली कंपनी. ऑक्टोबरच्या अखेरीस एअर बर्लिनची विमाने कायमची थांबली. नोव्हेंबर २०१७ च्या शेवटी डार्विनने धनकोंपासून संरक्षण मागितले, आणि आर्थिक स्थैर्याची खात्री नसलेल्या कंपनीला उडू देता येत नाही या नियमानुसार स्विस कार्यालयाने तिचा परवाना काढून घेतला. डिसेंबरमध्ये दिवाळखोरी जाहीर झाली.

स्वित्झर्लंडमधल्या जुन्या माणसांना यात काही नवे वाटले नसेल. स्विसएअर बुडाली तीही अशाच डावपेचामुळे. नव्वदच्या दशकात तिने ‘हंटर’ नावाची योजना आखून बेल्जियमच्या सबेनामध्ये ४९.५ टक्के आणि फ्रान्स-जर्मनीतल्या अनेक अशक्त कंपन्यांमध्ये मोठे हिस्से घेतले होते. नियमांमुळे पूर्ण मालकी मिळत नव्हती, पण तोटे भरण्याची आश्वासने मात्र तिने दिली होती, आणि ती आश्वासनेच तिला घेऊन बुडाली. एतिहादकडे अबूधाबी सरकारचा खजिना होता म्हणून ती वाचली; तिच्या भागीदारांपैकी एअर बर्लिन आणि डार्विन वाचल्या नाहीत, आणि मुंबईची जेट एअरवेजही १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उड्डाण करून थांबली. जेटच्या पडझडीची कारणे पुष्कळशी इथलीच होती, एअर सहारा १,४५० कोटी रुपयांना घेतल्यापासून साचत गेलेले कर्ज त्यांत आले. पण शेवटच्या महिन्यांत नवे पैसे कोणी घालायचे यावर बँका, गोयल आणि एतिहाद यांच्यात जी ओढाताण झाली, तिच्या मुळाशी पुन्हा हाच पेच होता. चोवीस टक्क्यांच्या भागीदाराने किती भार उचलायचा, आणि उचलला तर त्या बदल्यात त्याला किती अधिकार द्यायचे?

लुगानोचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. डार्विन गेल्यावर लुगानो-झुरिक मार्गावर स्विसचे उड्डाण उरले, आणि ते स्विससाठी वेट लीजवर चालवत होती आद्रिया एअरवेज, तेही साब २००० याच विमानाने. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस आद्रियाही दिवाळखोरीत गेली आणि स्विसने तो मार्ग पुन्हा सुरू केला नाही. दरम्यान २०१६ मध्ये आल्प्सखालून जाणारा ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा आणि २०२० मध्ये त्याच्या दक्षिणेचा चेनेरी बोगदा खुला झाल्यामुळे लुगानो ते झुरिक हा रेल्वेप्रवास सुमारे दोन तासांवर आला आहे. विमानतळावर आता प्रामुख्याने खासगी विमाने उतरतात.